यादी हललीच नाही

मनीषनगर, नागपूर
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय गोपिका,

सप्रेम नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून टपालाने लिहिते आहे. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं आपण दोघींनी जगाचे फोन जोडून दिले, आणि आता आपल्या दोघींमध्येच लाइन नाही.

कामठीला थंडी इथल्यापेक्षा जास्तच असेल. तुझा खांदा कसा आहे? मयुरी आणि जावईबापू बरे असतील. माझं बरं चाललं आहे. बिल्डिंगची लिफ्ट पुन्हा बंद पडली, त्यामुळे तीन मजले चढताना दोनदा थांबते. बाजारात वालाच्या शेंगा आल्या आहेत, पण एकटीला पावकिलोही संपत नाहीत. दुपारी कधी टेबलावर पत्ते वाटते. हात सवयीने तिघांचेच वाटतो. माझे मी उचलते, बाकीच्या दोन जोड्या पालथ्या ठेवून पुन्हा गोळा करते.

मंडळाच्या पोकर स्पर्धेची यादी आता माझ्याकडे नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल. गुडघ्यांमुळे सोडली असं मी बिल्डिंगमधल्या बायकांना सांगते. गुडघे दुखतात हे खरं. यादी त्यांच्यामुळे गेली नाही.

यंदा गर्दी फार झाली. मोबाइलवरचे पैशांचे खेळ बंद झाले, आणि ज्याला त्याला समोरासमोर बसून पोकर खेळायचं आहे. आपल्याकडे पैसे लावत नाहीत, जिंकणाऱ्याला ढाल मिळते, तरी लोक अमरावती-चंद्रपूरहून येतात. नव्वद जागा अकरा मिनिटांत भरल्या. पण काळाबाजार कुठेच झाला नाही. आधीची ती वर्षं आठवतात ना? घरातल्या चौघांच्या नावाने जागा घ्यायच्या आणि पानठेल्यावर तिप्पट भावाने विकायच्या. चंद्रपूरच्या त्या मास्तरांना तर दोघांनी मिळून एकच खुर्ची विकली होती. ते हॉलच्या दारात चिठ्ठी धरून उभे होते आणि आत त्यांच्या खुर्चीवर दुसराच बसलेला होता. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "कामिनी, हे आपणच बंद करू वं." आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून आपण नियम लिहिले. जागा ज्याच्या नावाची त्याचीच. येणं जमत नसेल तर मंडळाला परत करायची, भरलेली फी पूर्ण परत घ्यायची. ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला, त्याच फीमध्ये. त्याने एका दिवसात हो म्हटलं नाही तर पुढच्याला. शेवटच्या सकाळी कोणी आलंच नाही तर दारात हजर असतील त्यांच्यात चिठ्ठ्या.

नवऱ्याची जागा बायकोला, आईची मुलीला देता यावी असं तुला वाटत होतं. मी ऐकलं नाही. घरच्यांसाठी दार किलकिलं केलं की सगळा बाजार त्यातूनच शिरेल, असं म्हणाले. "कोणत्याही कारणाने रिकामी झालेली जागा यादीकडेच जाईल." हे वाक्य माझं. अक्षरही माझंच आहे.

गेल्या फेब्रुवारीत तू न बोलता हॉलमधून निघून गेलीस, त्याचा मला राग नाही.

हे वाक्य खोडणार होते, पण राहू देते. तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क आहे असं मी अकरा महिने कसं मानलं, ते तुलाही दिसू दे.

आता सरळ लिहिते.

मागच्या खेपेला नोंदणी उघडली तेव्हा हे दवाखान्यात होते. तू पहाटेच कामठीहून आली होतीस, मला अंघोळीला घरी पाठवून यांच्याजवळ बसली होतीस. मी परत आले तेव्हा दहाची नोंदणी उघडायला आली होती. यांना श्वास पुरत नव्हता तरी म्हणाले, "गोपिकाबाई, आधी आमच्या दोघांच्या जागा पाहा." एका फोनवरून दोनच जागा, हा नियमही आपलाच. तू तुझ्या फोनवरून आमच्या दोघांची नावं घातलीस. मग स्वतःसाठी माझा फोन घेतलास, आणि त्यावर नंबर येईपर्यंत जागा संपल्या होत्या. प्रतीक्षा यादीत तुझं नाव पहिलं लागलं. तू हसून म्हणालीस, "काही नाही भाऊजी, कोणी ना कोणी आजारी पडतेच." आणि मग जीभ चावलीस. हे मात्र खूप हसले. त्यानंतर त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नाही.

एकोणीस डिसेंबरला हे गेले. तेरा दिवस तू माझ्या घरी राहिलीस. यांच्या जागेबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. काढायची गरजही नव्हती, नियम तुला पाठ होता. मी ती परत करीन हे तू धरूनच चालली होतीस.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी आपल्या मंडळाच्या चिटणीसाचा, वैभवचा फोन आला. घुटमळत विचारलं त्याने, "काकू, काकाची जागा लिस्टले टाकून देऊ का?" मी म्हटलं, "मी बघते." त्या पोराने पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता ना.

शुक्रवारी तू फोन केलास. यादीचं काय झालं, एवढंच विचारलंस, यांच्या जागेचं नाव घेतलं नाहीस. मी म्हटलं, "यादी हललीच नाही गं. कोणीच जागा परत केली नाही."

गोपिका, मी तुझ्याशी खोटं बोलले. विसरले नव्हते, गोंधळलेही नव्हते. तुझं नाव पहिलं आहे हे मला फोन कानाला असताना दिसत होतं. यादी माझ्या पुढ्यातच उघडी होती.

रविवारी सकाळी आठला तू कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा घेऊन शेअर ऑटोने आलीस. चिठ्ठ्यांसाठी रांगेत उभी राहिलीस. तीन खुर्च्या, चौदा माणसं. यांच्या नावापुढे मी आधीच 'हजर' लिहिलं होतं, म्हणून ती खुर्ची चिठ्ठ्यांत नव्हतीच. तुझी चिठ्ठी कोरी निघाली. तू म्हणालीस, "राहू दे वं, मी तुझ्या मागं बसून पाहते." आणि माझ्यासोबत आत आलीस. सात नंबरच्या टेबलावर पाटी होती, बाबनराव धकाते. पाटीपुढे पैशांऐवजी डावावर लावायच्या चिप्स सगळ्यांइतक्याच रचलेल्या, मागे रिकामी खुर्ची. तू पाटी वाचलीस. माझ्याकडे पाहिलंस. डबा माझ्या खुर्चीवर ठेवलास आणि निघालीस. मी तुझ्या मागे आले नाही. मला वाटलं, मी हॉलबाहेर पाऊल टाकलं की कोणीतरी ती पाटी उचलेल.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, कोणालाच मी सांगितलं नाही. माणूस जागेवर नसला तरी पाळी आली की त्याच्या चिप्स डावात टाकाव्याच लागतात. पत्ते वाटणारी मुलगी दर फेरीला यांच्या ढिगातून उचलायची, पत्ते वाटायची आणि तसेच पालथे गोळा करायची. मी काहीतरी वेड्यासारखं खेळून अकरालाच खेळातून बाद झाले आणि त्या खुर्चीमागे जाऊन बसले. अमरावतीचे एक गृहस्थ शेजारी होते. त्यांनी विचारलं, "बाई, साहेब नाही आले का अजून?"

मी म्हटलं, "येऊन राहिले."

ते आपल्या पत्त्यांकडे वळले. यांच्या चिप्स कमी होत गेल्या. दवाखान्यात जे पाहिलं होतं तेच पुन्हा पाहिल्यासारखं झालं, फक्त इथे आवाज नव्हता. दोन वाजून वीस मिनिटांनी शेवटची चिप गेली. त्या मुलीने पाटी पालथी केली आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली. तेव्हा हे खरोखर गेले, असं मला वाटलं. यासाठी मी तुझी खुर्ची घेतली होती. यांना आणखी एक दिवस कुठेतरी बसलेलं पाहायचं होतं.

यातून माझं खोटं कमी होत नाही, हे मला समजतं.

मग मी हे आत्ताच काहून लिहिते आहे? गेल्या महिन्यात, डिसेंबरमध्ये, मौद्याहून एका बाईंचा फोन आला. नाव इंदूबाई. म्हणाल्या, "आमच्या घरचे गेले जी सोमवारी. त्यांची जागा रिकामी झाली, कोणाले तरी देऊन द्या. वाट पाहणारं कोणी असंन ना." मागे घरात माणसं बोलल्याचा आवाज येत होता. फी परत पाठवायला खात्याचा नंबर विचारला, तर म्हणाल्या, ते नंतर पाहू, आधी त्या माणसाले कळवा. तिच्या घरात सुतक होतं गं. पोकर म्हणजे काय हेही तिला नीट माहीत नव्हतं.

त्याच आठवड्याच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. वैभव म्हणाला, "जाऊ द्या ना काकू, कोणाले माहीत आहे?" मी म्हटलं, "जिची जागा गेली तिला माहीत आहे. आणि तिने दहा महिन्यांत कोणाजवळ तोंड उघडलं नाही."

ठरलं ते असं. यादी माझ्याकडून काढली. आता ती मंडळाच्या भिंतीवर लावतात, कोणी कधी परत केली, कोणाला मिळाली, सगळ्यांना दिसेल अशी. यंदाची माझी जागा रद्द केली. इंदूबाईंकडची जागा यंदाच्या पहिल्या नावाला गेली, ती त्याचीच होती. माझी रद्द झालेली जागा तुला द्यायची का, यावर वाद झाला. यंदाच्या दुसऱ्या नावावर अन्याय होतो असं तिघांचं म्हणणं होतं, आणि ते चूक नव्हतं. पण मंडळाने ज्याचं हिरावलं त्याचं आधी फेडावं, असं सहाजण म्हणाले. मी मत दिलं नाही.

तेव्हा आठ फेब्रुवारीची एक जागा तुझी आहे. ती माझी भेट समजू नकोस. मंडळाने ती माझ्याकडून घेतली आणि मग तुला दिली. वैभवचं पत्र वेगळं येईल. वीस तारखेपर्यंत त्याला हो किंवा नाही कळव, नाहीतर ती पुढच्या नावाला जाईल. आणि मी तिथे असेन म्हणून नाही म्हणू नकोस. त्या दिवशी मी हॉलकडे फिरकणार नाही.

क्षमा मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता वाटतं, तीही तुझ्याकडे काहीतरी मागणंच झालं. म्हणून मागत नाही.

"तुझीच" असं लिहायची सवय आहे. यावेळी नुसतंच लिहिते,

कामिनी

•

कामठी
१८ जानेवारी

कामिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी बोलते तशीच लिहिते, तुझ्यासारखं मले जमत नाही.

वैभवले हो म्हणून कळवलं. जागा माझी होती, मी घेतली.

आता माझं ऐक. पाटी पाहून मले राग आला असं तू समजून राहिली. पाटी पाहून मले भाऊजी आठवले. तुझ्याकडे पाहिलं ते एवढ्यासाठीच, की तू आता तरी काही बोलशील. तू नजर खाली घातली. तेव्हा मले शुक्रवारचा फोन आठवला आणि मग मी तिथं थांबू शकली नाही.

अवं, तू शुक्रवारी एवढं म्हणाली असती, की गोपिका, मले ही खुर्ची सोडवत नाही, तर मीच तुले सांगितलं असतं, ठेव. पहिलं नाव माझंच होतं ना? मी माझा नंबर सोडला असता, मग दुसऱ्या नावाच्या माणसाच्या घरी आपण दोघी जाऊन हात जोडले असते. तो हो म्हणाला असता नाहीतर नाही म्हणाला असता. आणि ठेवता आली असती, तर दिवसभर त्या खुर्चीमागं मी तुझ्यासोबत बसली असती. ते चिप्स संपणं तुले एकटीले पाहावं लागलं नसतं.

तेरा दिवस तुझ्या घरी राहून मी तुले एवढीही कळली नाही, याचं मले वाईट वाटते. खुर्चीचं नाही.

मयुरी म्हणते, आई, मावशीले फोन कर. मी म्हटलं, एवढ्यात नाही. फोनवर तू आवाज मऊ करशील आणि मी विरघळून जाईन, आणि मग हे सारं तसंच राहून जाईल.

आठ तारखेला मी खेळणार आहे. हॉलकडे यायचं की नाही ते तू ठरव. नियमात येऊ नको असं कुठं लिहिलेलं नाही, मी पुन्हा वाचून पाहिलं. आली तर बोलीन का, ते आज सांगता येत नाही.

अजून रागावलेली, आणि तरी तुझीच,

गोपिका