दाराकडे तोंड करून

दि. १४, गुरुवार

ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. तूही बरी असशीलच, कारण बरं नसलं की तुझा फोन येतो.

तू बाबांसाठी पाठवलेलं खोकं मिळालं, हे कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मीच कळवलं नाही. डॉक्टर तुला फोनवर म्हणाले, बोटांना काम द्या, आणि तू पाठवलीस प्लास्टिकची बाहुली. अर्धी पोरगी, अर्धं यंत्र, अंगावर चिलखत आणि हातात स्वतःपेक्षा लांब बंदूक. तीही सुट्या तुकड्यांत. अर्धांगाच्या झटक्यापासून ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याला तू नखाएवढे गुडघे जोडायला दिलेस. धन्य आहे तुझी.

आणि ते तुकडे प्लास्टिकच्या एका चौकटीला चिकटूनच येतात, त्यातून कापून काढायचे कुणी? गिऱ्हाइकांची शिवण बाजूला ठेवून मीच कापले, धागे कापायच्या कात्रीनं. बाबा डाव्या हातानं धरायचे, उजव्यानं ढकलायचे. कोपर निसटून मशीनखाली गेलं की मी रांगत शोधायचे. वाचा गेली तरी बाबांना बोटानं हुकूम सोडता येतो, हे तुला माहीत नसेल. असतेस कुठे तू?

झाली एकदाची उभी. मान, खांदे, कंबर, घोटे, सगळं वळतं. सोबत तीन चेहरे, शांत, हसरा आणि ओरडणारा. पंजेही बदलता येतात. मी ओरडणारा चेहरा लावला, बंदूक दिली आणि माझ्या टेबलावर ठेवली. खरं सांगते, मला ती तशीच आवडली होती.

बाबांनी बंदूक काढून घेतली. हसरा चेहरा, उघडा पंजा, हात वर, तोंड दाराकडे. ओळखीचं कुणी येताना दिसलं की आपण करतो तसं. मी तिला माझ्याकडे वळवली. जेवून येते तो परत दाराकडे. रोज हेच. अगं, दिवसभर त्यांच्यासमोर मशीनवर मी बसलेली असते. त्यांना उठवते मी, आंघोळ घालते मी. आणि बाहुली हात करते दाराला.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू म्हणालीस, "तूच बघ त्यांच्याकडे, तुला दुसरं काम काय आहे?" ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. हे पत्र लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पण काल मी कपडे वाळत घालून आले, तर बाबांची बोटं एकमेकांना चिकटलेली. झग्यांवर खडे चिकटवायचा माझा सगळा गोंद त्यांनी संपवला होता. बाहुलीचा खांदा चिकटवला, मान चिकटवली, पावलं टेबलाला चिकटवली. मी कोमट पाण्यात त्यांची बोटं सोडवत बसले आणि संतापानं रडले. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. बघत मात्र राहिले दाराकडेच.

नंतर मी तिला ओढून पाहिलं. हात मोडेल, पण खाली येणार नाही.

ती आता जागची हलत नाही. तू हल. माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही, मीही बोलणार नाही. बेल वाजवू नकोस. दार नुसतं लोटलेलं असतं, बाबा कडी लावू देत नाहीत.

लिहायची पद्धत आहे म्हणून तुझी,
धाकटी