पॅनेलवर राहिलेलं माझं कुलूप

मंगळवार, संध्याकाळचे सात

लाज वाटून राहिली, पण लिहितोच.

आज बोरगावच्या कारखान्यात दोन कागद लागले. एकावर कामावरून कमी केलेल्या आठ जणांची नावं, दुसऱ्यावर वैशालीची बढती. आमच्या मेन्टेनन्सची शिफ्ट इनचार्ज! मी सगळ्यांसमोर ओरडलो, "बायांचा कोटा भरायचा होता, भरला." दोन वर्षं तिच्यासाठी झुरून राहिलो, अन् तोंडातून निघालं काय? शिफ्ट संपताच तणतणत रामाकोन्याला घरी आलो.

लाइनच्या विजेच्या पॅनेलवर माझं कुलूप तसंच राहिलं. दुरुस्तीच्या वेळी वीज बंद करून ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढायचं, हा आमचा नियम. चावी माझ्या खिशात, तिकडे लाइन बंद. नववं नाव माझंच लागलं असतं. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला दुसरीकडे कोण घेते?

तासाभरात वैशालीची स्कूटी दारात.

"चावी घे अन् बस मागं."

"कुलूप तोडून टाकायचं नं."

"तोडलं तर रिपोर्ट लिहावा लागते, बावळटा. तुझ्या नावाचा."

मागं बसून कारखान्यात गेलो. कुलूप काढलं, लाइन सुरू झाली. "मॅडम, चुकलो," म्हटलं.

"मॅडम राहू दे. उद्या वेळेवर ये."

नुसत्या आवाजावरून खराब बेअरिंग ओळखते ती. मला कधीच जमलं नाही. कसला कोटा?

तिचे उपकार कसे फेडू? प्रेमाचं नंतर पाहू. ओरडलो सगळ्यांसमोर, तर उद्या माफीही सगळ्यांसमोरच मागतो.