सावलीतला फ्लॅश

प्रिय ताई,

काकांच्या वाढदिवसाचा फोटो सोबत आहे. पाकिटात पुठ्ठा घातलाय, तरी जपून काढ. आधी फोटो बघ, मग पुढे वाच.

पाहिलास? कडेला, गॅलरीखाली, ती तूच. कपाळावरची बट, ओठ दाबून धरलेलं हसू, सगळं आलंय.

तू नवऱ्याचं घर सोडलंस तेव्हापासून काकांची पंचाईत झाली होती. तुला बोलावलं नाही तर लोक विचारणार, बोलावलं तर फोटो हॉलमध्ये लागणार. म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला गॅलरीखाली उभी कर. फोटोत असू दे, पण दिसायला नको. तुला कळतं ना त्यातलं?" कळतं, म्हणूनच त्यांचं फसलं.

अंगणात लख्ख ऊन, भिंत पांढरी, काकांचा शर्ट त्याहून पांढरा. एवढा उजेड बघून कॅमेरा तो आत घेताना हात आखडता घेतो आणि सावलीतल्या माणसाचा कोळसा होतो. आपल्या अल्बममध्ये आई सगळीकडे तशीच आहे, दारातली काळी आकृती. ती गेल्यावर मी एकेक फोटो खिडकीशी धरून पाहिला. चेहरा एकातही सापडला नाही.

तुझ्या हनुवटीशी लाइट मीटर धरला तेव्हा तू म्हणालीस, "ताप बघतोस का रे?" ताप मलाच भरला होता. मग उन्हातला उजेड मोजला, आणि तुझ्याकडे जेवढा कमी पडत होता तेवढ्याच ताकदीचा छोटा फ्लॅश खांबाला बांधला. त्याच्या तोंडावर बटर पेपर लावला, उजेड थपडेसारखा बसू नये म्हणून. आत्या म्हणाली, "भर दुपारी फ्लॅश? उद्या उन्हात टॉर्च घेऊन फिरशील!" सगळे हसले. मी बॅटरी पुन्हा तपासली, गाठ पुन्हा ओढून पाहिली. शंकेखोर म्हणतेस ना मला, तसाच.

परवा काकांनी फोटो हातात घेतला. स्वतःला पाहून खूश झाले, मग नजर कडेला गेली. "ही एवढी कशी उजळली?" मी म्हणालो, "उजळली नाही काका, आहे तशी आली." म्हणाले, "कड कापून दे." मी नाही म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण निघाला. आत्या मध्ये पडली, "अरे, हो म्हण आणि मोकळा हो." मी पुन्हा नाही म्हणालो. तेव्हा काका म्हणाले, "मग माझ्या घरात राहू नकोस."

म्हणून हे पत्र. मी आता कामावरच्या फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहतो. दोन खाटा मावतात, टेप लावून पाहिलंय. मैत्रिणीकडे संकोचून राहण्यापेक्षा इथे ये. मालकांना विचारून याच फोटोची मोठी प्रत शोकेसमध्ये लावली आहे, काका रोज त्याच रस्त्याने जातात. खोलीला मागूनही जिना आहे, पण तू त्या जिन्याने येऊ नकोस. भर दिवसा, समोरून ये.

तुझाच,
शंकेखोर