येऊन राहिली

३ मार्च
वॉर्डाचे पार्षद आले होते. सोबत चार जण आणि हार. कॉलनीच्या बगीच्याला आमच्या मंदारचं नाव द्यायचं ठरलंय. दगड लावायचा, त्याच्या वाढदिवसाला, एकोणीस एप्रिलला. अठ्ठावीस पूर्ण झाली असती. वर हिंदीत नाव, कॅप्टन वगैरे, खाली एक ओळ मराठीत. "मास्साब, वो जो पेपर में आया था ना, आख़री फोन वाला, वोई खुदवा देंगे। पूरी कॉलोनी रो दी थी भिया।"
मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

४ मार्च
पेपरात आलेली ओळ अशी: "बाबा, आईची फार आठवण येते आहे."
शुद्ध. कुठे बोट ठेवायला जागा नाही. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी वार्ताहराला मीच सांगितली. तो लिहून घेत होता तेव्हा ऱ्हस्व-दीर्घही बघितलं.
मंदार असं म्हणाला नव्हता.

९ मार्च
मं. ची काळी पेटी उघडली. युनिटमधून आल्यापासून दिवाणाखाली होती, त्याच्या आईनेच, शैलाने, आज ओढून काढली. गणवेश, दाढीचं सामान, इथूनच नेलेल्या शेवेचा अर्धा पुडा. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक पत्र. अकादमीत गेल्यावर पहिल्या महिन्यात त्याने लिहिलेलं, आणि मी लाल पेनाने तपासून परत पाठवलेलं. चुका एकतीस. खाली आकडा घालून सहीसुद्धा केलीय मी. बापाची सही नाही, मास्तरची.
त्यानंतर त्याने मराठीत पत्र लिहिलं नाही. फोनच करायचा.
शैला म्हणाली, "किती जपून ठेवलं होतं हो." तिला त्यात माया दिसली. मला लाल शाई.

१२ मार्च
लिहूनच टाकतो. कुठेतरी खरं असू दे.
डिसेंबरातला मंगळवार, सकाळचे साडेआठ. फोन मी घेतला. शै. चे हात कणकेत. म्हणाली, थांब म्हणावं त्याला, हात धुऊन येते.
तो म्हणाला, "बाबा, आईची लई याद येऊन राहिली."
मी म्हणालो, "याद नाही, आठवण. आणि येऊन राहिली हे कुठलं मराठी? येते आहे म्हण."
तो मग म्हणाला, "हो सर." मागून कुणीतरी हाक मारली. "चला, ठेवतो."
शै. पदराला हात पुसत आली तोवर फोन बंद. तिला सांगितलं, नेटवर्क गेलं.
दोन तासांनी गस्तीच्या वाटेवर अतिरेकी दबा धरून बसले होते. पुढे तोच होता. संध्याकाळी फौजेचे दोघे दारात आले, टोप्या हातात घेऊन.

१३ मार्च
चौथीत तो माझ्याच वर्गात होता. रागावला की मला सर म्हणायचा. चेष्टा करायची असली तरी सरच. त्या दिवशीचा सर कुठला?
तीन महिने हेच. दात घासताना हेच.

१७ मार्च
घरात तेव्हापासून कणीक मळलेली नाही. भात, नाही तर बाजारचा ब्रेड. शै. म्हणते, हात भरलेले नसते तर एक मिनिट तरी बोलले असते. स्वतःलाच दोष देते, रोज. आणि मी समोर बसून ऐकतो.
ते मिनिट मी खाल्लं. व्याकरणात.

पाडवा
गुढी नाही. कडुलिंब शेजारच्यांनी आणून दिला.
दुपारी भांडी आवरता आवरता शै. ने विचारलं, "तो खरंच 'आठवण' म्हणाला?"
"हो."
"माझ्याशी तर कायम 'याद' म्हणायचा."
"माझ्याशी बोलत होता ना, म्हणून."
तिने पुढचं भांडं पुसायला घेतलं. उत्तर बिनचूक होतं. खोटं बोलतानाही माझं वाक्य चुकत नाही. लाज वाटते.

२९ मार्च
जुन्या शाळेत कार्यक्रम. बत्तीस वर्षं शिकवलं तिथेच स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. पाचवीतल्या एका मुलीने कानाला हात लावून, फोन धरल्यासारखा, ती ओळ म्हटली. बायका डोळे पुसत होत्या. मग टाळ्या.
माझ्या वाक्याला टाळ्या. त्याचं वाक्य फक्त मला माहीत आहे आणि मी त्याच्यावर काट मारली आहे. मी मेलो की तेही गेलं.
शाल खुर्चीवरच विसरलो. शिपाई पळत मागे आला.

६ एप्रिल
सांवेरहून लखनसिंग आला, मोटरसायकलवर. मं. च्या कंपनीतला हवालदार, सुट्टीवर आलाय. घरचे गहू आणले होते पोतंभर. शै. ने पोहे केले, समोर बसून खायला लावले. त्याच्या ताटाकडेच बघत होती. साहेब चांगले होते, जेवले की नाही विचारायचे, एवढंच तो बोलला.
फाटकापर्यंत सोडायला गेलो. गाडीला किक मारता मारता थांबला. "मास्साब, एक बात। उस दिन फोन रखके साब आए तो मेरेसे बोले, लखन, मराठी में याद को क्या बोलते हैं, पता है? आठवण। बोले, अभी बाप ने डाँट के सिखाया है।"
मी विचारलं, हसत होते का?
तो जरा थांबला. "हाँ जी। हँस रहे थे।"

७ एप्रिल
तो का थांबला?
म्हाताऱ्याचं तोंड बघून दया आली असेल. मी नाही का शैलाला गोड करून सांगितलं, तसं त्यानेही सांगितलं असेल. स्वतः खोटं बोललं की दुसऱ्याच्या खऱ्यावर विश्वास बसत नाही, ही शिक्षाच आहे.
पण शब्द खरा. 'आठवण' लखनसिंगला दुसरं कोण सांगणार? म्हणजे तो शब्द मनात घोळवत निघाला होता. मी दिलेला. आईकडे तो न्यायचा होता की माझ्या तोंडावर फेकायचा होता, देव जाणे.

९ एप्रिल
दगडवाल्याचा फोन. बाकी सगळं कोरून झालं, मराठी ओळ राहिलीय. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, मला मराठी येत नाही, जसं लिहाल तसं कोरीन. शनिवारी सकाळी छिन्नी लावणार.
जसं लिहाल तसं. मी आजवर कुणाचं असं जसंच्या तसं घेतलं नव्हतं.

१० एप्रिल
दोन कागद लिहिले. एक पेपरातला. दुसरा त्याचा. दुसरा लिहिताना 'लई' पाशी हात अडला. सवय. 'येऊन राहिली' लिहिलं आणि रडलो. खूप दिवसांनी, मोठ्याने. शै. भाजी आणायला गेली होती म्हणून बरं.
सांगायचं आहे. रोज ठरवतो. सांगितलं तर ती म्हणेल, चार महिने होत आले, माझ्या पोराचा शब्द माझ्यापासून लपवलात? बरोबरच म्हणेल. आणि न सांगता दगडावर खोटं कोरलं तर रोज फिरायला जाऊन ते वाचायचं, दोघांनी, मरेपर्यंत.

११ एप्रिल, शनिवार
दगडवाल्याला सांगितलं, दुपारपर्यंत थांब.
शै. ओसरीवर गहू निवडत होती, लखनसिंगने आणलेले. तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, पेपरात आलं तसं तो म्हणाला नव्हता. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हटलं, तो म्हणाला, आईची लई याद येऊन राहिली.
सूप थांबलं.
"परत म्हणा."
म्हटलं.
"तसं नाही. तो म्हणायचा तसं."
तिसऱ्यांदा म्हटलं. नीट जमलं नाही, माझ्या तोंडात ते बसत नाही. तरी तिने डोळे मिटून ऐकलं. ओठ हलले तिचे, बरोबरीने. पोराच्या मुंजीनंतर तिचा चेहरा असा बघितला नव्हता. वाटलं, सुटलो. वाटलं, आता हिने कणीक मळायला घेतली तर मी मळून देईन.
मग तिने डोळे उघडले.
"आणि तुम्ही काय म्हणालात?"
मी म्हटलं, दगडवाल्यासाठी कागद आणतो. आत आलो. कागद समोरच आहे. दहा मिनिटं झाली, हे लिहीत बसलोय.
ती बाहेर बसली आहे. सुपाचा आवाज नाही.