कव्हरवरचे चरे

शाहूपुरी, रविवार संध्याकाळ

बाबांच्या मोटरसायकलचं तडकलेलं क्लच कव्हर आज बदललं. ऑइल काढलं, बोल्ट सोडवले आणि बाबांनीच शिकवल्याप्रमाणे पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवले. प्रत्येकाची लांबी वेगळी; अदलाबदल झाली की आटे जातात.

जुनं कव्हर हातात आलं आणि मी थांबले. चरे पुढून मागे गेलेले, चार बोटं लांब.

"उभी गाडी कुणीतरी पाडली, सांगितलं की," बाबा म्हणाले.

"उभी पडली तर पोचा येतो, बाबा. ही घासत गेलीय."

"इंजिनेर झालीस म्हणून बापाची तपासणी करतीस व्हय?"

बोलायला नको होतं का? पण चरे होते.

नवं कव्हर बसवताना बाबा पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट देत राहिले. शेवटचा देताना म्हणाले, "गारगोटीच्या रस्त्याला डोळ्यांम्होरं अंधारी आली. दुसऱ्यांदा."

मग रिकाम्या पुठ्ठ्यावर गाडीची किल्ली ठेवून आत गेले.

त्यांनी पुन्हा गाडी चालवू नये म्हणून ती मी मागणारच होते.

ऑइल भरलंय. गाडी सुरू करून गळती बघायची राहिलीय, त्याला किल्ली लागेल. ती अजून पुठ्ठ्यावरच आहे. मला उचलवत नाही.