हलकं ते लांब उडतं

मंगळवार, दिवेलागण. हट्टा.

फोनात बोललं की तो लिहून ठेवतो, हे नातीनं शिकवलं. मला अक्षर येत न्हाई, तोंड तेवढं येतं.

आज तूर उफणली. सूप उंच धरलं की दाणा पायाशी पडायचा, फोलपट वाऱ्यानं पार कुडाकडं जायचं. तेवढ्यात पुण्याहून नातीचा फोन आला. तुरीचं सांगितलं, तर म्हणली, "आजी, शाळेत शिकवलं, हवाच नसली तर दाणा अन् फोलपट संगंच खाली पडतात."

"मग तुमच्या शाळेत तूर साफ कोण करतं गं?" म्हणलं. लई हसली.

मग तिचा बाप बोलला, माझा लेक. संक्रांतीला येणं जमत न्हाई म्हणला. मी म्हणलं, "बराबर हाय बाबा. जड ते पायाशी पडतं, हलकं ते लांब उडतं."

त्यानं फोन ठेवला.

काहून बोलले मी असं? फोलपट का आपल्या मनानं उडतं? वारं नेतं त्याला. अन् हलकं म्हणायचं, तेबी पोटच्या लेकाला.

उद्या सांगीन, तुला न्हाई रे, तुरीला म्हणलं. तो "व्हय माय" म्हणंल. कुणाला म्हणलं, ते दोघांनाबी ठावं असंल.