अक्रोडाच्या फळ्या मिळणार नाहीत

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. हा नमस्कार शिष्टाचारापुरता आहे, त्यात माया वगैरे शोधत बसू नकोस. इकडे सगळं ठीक. थंडीने आईचा गुडघा धरलाय. कारखान्याचं छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं, ते बुजवून घेतलं. तुमच्याकडेही ठीकच असणार, नवं घर, नवे पडदे.

सहांतली पहिली म्हणून पाठवलेली खुर्ची तू परत धाडलीस, ती पोचली. टेम्पोवाल्याने उलटी घालून आणली आणि तिच्या बुडाला तुझी चिठ्ठी चिकटवलेली. "पाय लंगडतो. बाबा असते तर अशी खुर्ची दाराबाहेर पडली नसती. सहाच्या सहा नीट करून दे, नाहीतर अक्रोडाच्या फळ्या पाठव, आमचा सुतार करेल. फळ्यांवर माझाही हक्क आहे." टेम्पोवाल्याने वाचली असणार, माझ्याकडे बघून उगाच हसत होता. अक्षर मात्र अजून छान आहे हो तुझं.

तर ऐक. फळ्या मिळणार नाहीत. हक्काचं म्हणशील तर निम्म्या तुझ्याच आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण मिळणार नाहीत. एकही नाही.

"जुनंच तर लाकूड, त्याचं काय एवढं कौतुक," असं तू फोनवर म्हणालीस. आणि पाहुण्यांना मात्र सांगायचंय, या खुर्च्या जुन्या बँकेच्या काउंटरच्या बरं का! अस्सल अक्रोड!

कौतुक काय ते सांगते, तुला कधी दिसलंच नाही म्हणून. बँकेची इमारत पाडली तेव्हा तो काउंटर जळणात चालला होता. बाबांनी स्वतः सोडवला आणि हातगाडीवर घालून आणला. वर मळकट रोगणाचा इतका थर की लाकूड कुठलं तेच कळेना. बाबांनी एकदाच रंधा फिरवला आणि मला हाक मारली, "ये ग, बघ आत कोण बसलंय." कोऱ्या चहाचा रंग, त्यात जांभळट रेषा. मी तिथेच फतकल मारून बसले. नवा अक्रोड आणला तर वाकतो, तडकतो, नव्या जावयासारखा रुसतो. हा लोकांच्या कोपरांखाली जन्मभर वाळलेला, आता जागचा हलायचा नाही. बाकीची लाकडं उजेडात काळवंडतात, अक्रोड वय वाढेल तसा उजळत जातो. आणि रंधा मारताना वास असा सुटतो की जेवायला हाक आली तरी उठवत नाही. तू म्हणशील, झालं हिचं पुराण सुरू. असू दे, पैसे देऊन ऐकतेस का?

पण जुन्या लाकडात खिळेही असतात, ताई. काउंटर सोडवताना एखाद्या खिळ्याचं डोकं तुटून तो आतच राहिला की बाबा तिथल्या तिथे खडूने गोल काढायचे, कारण नंतर तो शोधून सापडत नाही. चुंबक वरवरचे पकडतं, खोलवरचे नाही. खिळा निघाला की ज्याने काढला त्यानेच तो गोल पुसायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. गोल नाही म्हणजे फळी साफ, बिनघोर करवतीवर घाल. हा नियम मला बाबांनी नाही शिकवला, तू शिकवलास. लहानपणी मी अशाच गोलांना पाकळ्या काढल्या होत्या तेव्हा, माझा कान पिळून.

बाबा गेल्यावर तू राहायला आली होतीस ते आठव. मी एका गिऱ्हाइकाचं कपाट पोचवायला गेले होते. परत येते तर कारखाना आरशासारखा लख्ख. "काय ग हा उकिरडा करून ठेवला होता तुम्ही बापलेकींनी," असं म्हणत तू हात पुसत होतीस. फळ्या ओल्या फडक्याने पुसून भिंतीशी ओळीने उभ्या. मी तुला थँक्यू म्हटलं. वर चहा करून दिला. फळ्यांवर गोल दिसले नाहीत तर मला वाटलं, बाबांनी जाण्याआधी सगळे खिळे काढले. एवढ्या आजारपणात माझ्यासाठी बसून काढले, असं वाटून मी रडलेसुद्धा.

उन्हाळ्यात पहिली फळी मशीनवर घातली. चुंबक फिरवलं होतं, काही लागलं नाही. करवत खिळ्याला भिडली आणि पात्याचा दात उडाला. डोळ्यांवर चष्मा होता का हे विचारूच नकोस. होता, तो फुटला.

उजवा डोळा गेला. गेला म्हणजे गेला, ताई. तुला "डोळ्याचं बारीकसं ऑपरेशन" म्हणून कळवलं होतं ना, ते हे. तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस? "सारखी मोबाईलमध्ये तोंड घालून बसतेस, मग दुसरं काय होणार!" आणि हसलीस. माझ्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती, मी हूं म्हटलं.

गोल कोणी पुसले ते मला दवाखान्यात कळलं. आईने सांगितलं, रडत. ती दारात उभी होती त्या दिवशी. "अग, ते गोल राहू देत," असं म्हणाली होती तुला, आणि तू म्हणालीस, "खडूच तर आहे, आई." हे सांगून झालं आणि लगेच तिने मला शपथ घातली. ताईला कळू द्यायचं नाही, ती जिवाला लावून घेईल. बघ, तुझ्या जिवाची काळजी आहे तिला. माझ्या जिवाचं काय, ते राहिलंच.

एका डोळ्याला अंतर कळत नाही. चहा कपाबाहेर ओतते. पटाशी खोबणीत टाकायला जावं तर अलीकडेच पडते. तुझी खुर्ची हे त्यानंतरचं माझं पहिलं काम. हातकरवतीने कापून, बोटांनी चाचपून, महिनोन्‌महिने घेऊन केलं. लंगडते, हो. मला दिसलं नाही. आणि तू लिहितेस, बाबा असते तर! बाबा असते तर त्यांनी फडकं तुझ्या हातातून ओढून घेतलं असतं.

आता फळ्यांचं. जीव गेला तरी तुला द्यायच्या नाहीत, असं मला खूप दिवस वाटत होतं, ते खोटं नाही. पण आज कारण ते नाही. खिळे कुठे आहेत ते बाबांना माहीत होतं आणि त्या गोलांना माहीत होतं. दोघंही नाहीत. तुझ्या सुताराला मी ओळखत नाही, पण त्याला दोन डोळे असतील. त्याच्या हातात यातली एकही फळी मी देणार नाही. मी त्या हातकरवतीने बोट-बोट उघडेन, माझ्या हयातीत झाल्या तर झाल्या. तुला खुर्च्या हव्या असतील तर बाजारातून आण आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते सांग.

आई आतल्या खोलीत आहे. काय लिहितेस ग एवढं, म्हणून दोनदा विचारून झालं. मी म्हटलं, ताईला खुर्चीबद्दल. शपथ मोडली हे तिला कळवायचं की नाही ते तू ठरव. माझ्या वाट्याचं माझं लपवून झालं.

आणि हे वाचून पहिल्या गाडीने धावत येऊ नकोस. मला माहितेय तू कशी आहेस. येशील, दारातच गळ्यात पडशील, माफी मागशील. आई मध्ये पडेल, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणेल. तू तशी रडायला लागलीस की मला तुला माफ करावं लागेल, लहानपणापासून तेच झालंय. आणि मला ते अजून करायचं नाहीये.

तुझीच, हे काही बदलून मिळत नाही म्हणून,
धाकटी